समोरच्या काकूंचा अर्ज

मोठ्या माणसांचा इतका मनापासून कंटाळा करणारी दुसरी व्यक्ती कोथरूडात सापडणार नाही, आणि या बाबतीत कोथरूडात स्पर्धा बरीच आहे. आमच्या समोरच्या काकूंच्या मते माणूस साधारण चार वर्षांचा होईपर्यंत बोलण्यालायक असतो. पुढे त्याला शाळेत घालतात, तिथे त्याला उत्तरं शिकवतात आणि मग तो इतरांसारखा होतो. हे त्या कडवटपणे सांगत नाहीत. दूध नासलं असं सांगावं, तसं सांगतात. त्यांचं स्वतःचं वय बहात्तर आहे, पण त्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नाही.

काकू आमच्या समोरच्या दारात, दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि राहत्या घरातच पाळणाघर चालवतात. आई बँकेत होती. तिची रजा संपली त्या दिवशी तिने मला कडेवर घेऊन चार पावलांचा जिना ओलांडला आणि काकूंच्या हातात दिलं. त्यानंतर मी पाच वर्षं दिवसा तिकडे आणि संध्याकाळी इकडे अशी राहिले. आता मी घरून काम करते. माझ्या टेबलाशेजारच्या खिडकीतून काकूंचं स्वयंपाकघर दिसतं, त्यामुळे अजूनही दिवसाचा बराच भाग मी तिकडेच असते असं म्हणायला हरकत नाही.

काकू मुलांना अहो-जाहो करतात आणि आडनावाने हाक मारतात. "अहो कुलकर्णी, आपण नाकात वाटाणा घातलात?" कुलकर्णी, वय अडीच, मान हलवतात. "एकच ना? मग आता दुसरी नाकपुडी दाबा आणि फुंकर मारा. आपल्याकडून एवढीच अपेक्षा आहे." कुलकर्णी फुंकर मारतात, वाटाणा उडून भिंतीवर आपटतो आणि काकू म्हणतात, "आभारी आहे." याउलट मुलांच्या आईवडिलांना त्या सरसकट अरे-तुरे करतात, मग तो बाप एखाद्या कंपनीत दोनशे माणसांचा साहेब का असेना. मला वाटतं, आदर ही गोष्ट त्यांच्याकडे मोजकी आहे आणि ती जिथे उपयोगी पडेल तिथेच त्या खर्च करतात. मूल शाळेत जायला लागलं की त्याचं 'अहो' त्याच दिवशी जातं. मी गणवेश घालून, पाठीला दप्तर लावून पहिल्यांदा त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, चपला नीट ठेव." मी घरी येऊन रडले. आईला वाटलं, मला शाळा आवडली नाही.

संध्याकाळी मुलांना न्यायला आलेल्या पालकांना काकू आत घेत नाहीत. मूल जे करत असेल ते पुरं झाल्याशिवाय त्याला उठवायचं नाही, असा त्यांचा नियम आहे. त्यामुळे साडेसहाच्या सुमाराला आमच्या जिन्यावर दोन-तीन दमलेली, सुशिक्षित माणसं मांडीवर बॅगा घेऊन पायऱ्यांवर बसलेली असतात. एकदा कुलकर्ण्यांचे वडील पस्तीस मिनिटं बसले होते. मधे त्यांनी दारातून विचारलं, "काकू, काय करतोय तो?"

"एका भांड्यातलं पाणी दुसऱ्या भांड्यात ओततायत."

"मग झालं की."

"आता दुसऱ्यातलं पहिल्यात. तू बस."

त्यांनी पायरीवरूनच एक परदेशी मीटिंग उरकली. पलीकडच्या लोकांनी मागून येणाऱ्या पाण्याच्या आवाजाबद्दल विचारलं, तेव्हा ते इंग्रजीत म्हणाले की काही गोष्टी अजून प्रक्रियेत आहेत.

मूल परत देताना काकू अहवाल देतात. तो तोंडी असतो, लहान असतो आणि त्यात साखर नसते. "जेवले. झोपले. दोघांना चावले, एकाला चुकून आणि एकाला ठरवून." पालकांना हे आवडतंच असं नाही. एक आई म्हणाली होती, काकू, जरा चांगलंही सांगत जा ना. काकूंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "ठरवून चावले ते व्यवस्थित चावले."

खेळणी त्यांच्याकडे जवळजवळ नाहीत. कोणीतरी बॅटरीवर चालणारं, गाणारं आणि डोळे मिचकावणारं माकड भेट दिलं होतं. काकूंनी त्याच्या बॅटऱ्या काढून भिंतीवरच्या घड्याळात घातल्या आणि माकड परत केलं. मुलं तिथे भाजी निवडतात. सकाळी पालक मुलाबरोबर मेथीची जुडी नाहीतर पावशेर वाटाण्याच्या शेंगा सोडून जातात आणि संध्याकाळी मूल आणि निवडलेली भाजी, दोन्ही घेऊन जातात. तीन वर्षांचं मूल मेथीचं एकेक पान वेगळं करताना जितकं गंभीर असतं, तितकं गंभीर मी आमच्या ऑफिसात कोणाला पाहिलेलं नाही. अर्थात, जुडीतली निम्मी पानं देठांच्या ढिगात जातात आणि काही देठ पोटात. पण कुणाच्या घरची भाजी कोणी निवडली हे काकू त्या घरच्यांना सांगतात, आणि ते घर ती भाजी मुकाट्याने खातं.

दुपारी एकला सगळे झोपतात. काकूंच्या जुन्या सुती साड्यांच्या घड्या जमिनीवर अंथरलेल्या असतात, ज्याची त्याची साडी ठरलेली. काकू अंगाई म्हणत नाहीत. त्यांचा आवाज चांगला नाही, आणि वाईट आवाजात प्रेमाने गाणं ही मुलांची फसवणूक आहे, असं त्या म्हणतात. त्या खुर्चीत बसून वर्तमानपत्रातले बाजारभाव वाचतात. कांदा, बटाटा, लसूण, आलं. सगळे आकडे एकाच सुरात, कुठे घाई नाही. फळभाज्या संपून पालेभाज्यांपर्यंत यायच्या आत निम्मी मुलं झोपलेली असतात. फुलबाजारापर्यंत कोणीच पोचत नाही. मला अजूनही कोणी आल्याचा भाव सांगितला की जांभई येते, आणि मंडईत यामुळे माझं अनेकदा नुकसान झालेलं आहे.

आणि त्या मोजतात. दर थोड्या वेळाने, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना, प्रत्येकाच्या डोक्याला बोट लावून मोठ्यांदा मोजतात. नऊ मुलं असतील तर नऊ. त्या वेळी घरात सिलिंडर घेऊन आलेला माणूस असला तर दहा. त्यालाही वाकायला लावतात. काका होते तेव्हा तेही या मोजणीत असायचे आणि पेपर बाजूला न करता डोकं पुढे करायचे. ही सवय कशी लागली, हे मी कधी विचारलं नव्हतं. मी फारसं काहीच विचारत नाही. पाहते, आणि पाहिलं की पुरतं.

मागच्या वर्षी आमच्या सोसायटीत नवीन कमिटी आली आणि जिन्याखालच्या फळ्यावर एक पत्रक लागलं. निवासी सदनिकेचा व्यावसायिक वापर करता येणार नाही, या विषयावर वार्षिक सभेत निर्णय होईल. बाकी कोणाच्या सदनिकेचा काही वापर होत नव्हता, त्यामुळे हे कोणासाठी आहे ते सांगायची गरज नव्हती. सेक्रेटरी काकूंच्या बरोबर खाली राहतात. वाईट माणूस नाही. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत आणि दुपारी झोपतात, पण काकूंची मुलं झोपायच्या आधी जेवतात आणि जेवल्यावर वाट्या जमिनीवर आपटतात.

ते वर आले तेव्हा दार मीच उघडलं, कारण काकूंचे हात पिठात होते.

"अहो, माझा मुलांना विरोध नाही," ते म्हणाले. "माझा विरोध वाट्यांना आहे."

"अहो, मग वाट्यांना नोटीस द्या," काकू म्हणाल्या. काकूंच्या तोंडी दोन प्रकारचे अहो आहेत. हा दुसरा.

सेक्रेटरींनी आवाज खाली आणला. मग म्हणाले, "हे बघा, सभेत मार्चपर्यंत बंद करा असाच ठराव येणार. तुमच्याकडे परवाना नाही, नाव नाही, पाटी नाही. एखादं मान्यतेचं पत्र, कुठला गौरव, काहीतरी दाखवा. कागद असला की मलाही बोलता येतं." एवढं बोलून ते जायला वळले, तेव्हा काकूंनी पिठाच्या बोटाने त्यांचं डोकं मोजलं.

ते गेल्यावर काकू पोळ्या लाटत राहिल्या. त्यांचा मुलगा बंगळुरूला असतो आणि तो दर दिवाळीला त्यांना तिकडे बोलावतो. "मार्चनंतर तिकडे जायचं म्हणजे," त्या म्हणाल्या, "दिवसभर मोठ्या माणसांत राहायचं." पोळी लाटता लाटता त्या थांबल्याचं मी पूर्वी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी थांबल्या.

गौरवाची बातमी कुलकर्ण्यांच्या आईने आणली. एक संस्था घरगुती पाळणाघरं चालवणाऱ्यांपैकी उत्तम काम करणाऱ्यांना निवडते, प्रमाणपत्र देते, त्याआधी दोन माणसं येऊन पाहून जातात. अर्ज ऑनलाइन होता आणि इंग्रजीत होता. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "तुला त्या इंग्रजी शाळेत घातलं तेव्हा मी तुझ्या आईला नको म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "बस. भर."

मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या ओट्याशेजारी बसले.

"पाळणाघराचं नाव काय लिहू?"

"पाळणाघर."

"ते काय आहे ते झालं, काकू. नाव काय?"

"तुझ्या आईने पाच वर्षं नाव न विचारता ठेवलं तुला."

मी पुढच्या प्रश्नावर गेले. "तुम्ही मुलं का सांभाळता? त्यामागचा तुमचा विचार."

"त्यांच्या आया कामाला जातात म्हणून."

"आणि कशी सांभाळता?"

काकूंनी ओटा पुसला. "जवळून," त्या म्हणाल्या.

अशा उत्तरांवर गौरव मिळत नाही, एवढं मला माझ्या नोकरीमुळे माहीत होतं. मी तो अर्ज घरी आणला आणि रविवारची दुपार त्यावर घालवली. मेथी निवडणं म्हणजे बोटांच्या सूक्ष्म स्नायूंचा विकास साधणारा, स्थानिक आणि हंगामी साहित्यावर आधारलेला उपक्रम झाला. बाजारभाव म्हणजे संख्या आणि भाषा यांची श्रवणातून समृद्ध ओळख. जिन्यावर बसवलेले बाप म्हणजे पालकांचा सक्रिय सहभाग. एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि मला स्वतःचा बराच अभिमान वाटत होता. सोमवारी ते सगळं मी काकूंना मराठीत करून वाचून दाखवलं. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही.

"बाई हुशार दिसते," शेवटी त्या म्हणाल्या. "पण हिच्याकडे मी माझं मूल ठेवणार नाही."

"का?"

"हिचं लक्ष मुलांकडे नाही. सगळा वेळ स्वतःकडेच बघतेय."

मी ते सगळं पुसलं आणि त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. मुलं भाजी निवडतात. मी भाव वाचते, ती झोपतात. 'कशी' या प्रश्नाच्या मोठ्या चौकटीत 'जवळून' हा एकच शब्द बसला आणि बाकी चौकट पांढरी राहिली. शेवटच्या पानावर एक प्रश्न होता. आपल्या देखरेखीखाली असताना एखादं मूल कधी जखमी झालं, हरवलं किंवा नजरेआड गेलं आहे का? पुढे 'हो' आणि 'नाही' अशा दोन चौकटी. मी वाचता वाचताच 'नाही'वर खूण केली होती.

"ती काढ," काकू म्हणाल्या. "हो लिही."

"नाकातला वाटाणा यात येत नाही, काकू."

"मी वाटाण्याचं म्हणत नाहीये. हो लिही आणि खाली तपशील लिही. साडेतीन वर्षांची मुलगी. बावीस मिनिटं नव्हती."

मी टाइप करायला लागले. काकू पुढे सांगत गेल्या आणि मी इंग्रजीत उतरवत गेले. भंगारवाला आला होता. त्याला जुने डबे देताना दार उघडं राहिलं. मुलगी त्याच्या मागून जिना उतरली, फाटकातून बाहेर पडली, गल्लीच्या टोकाच्या वाण्याच्या दुकानात गेली आणि तांदळाच्या पोत्यावर जाऊन बसली. वाण्याला वाटलं, कोणाबरोबर तरी आली असेल. "तिने काही मागितलं नाही, कोणाला काही विचारलं नाही, रडली नाही. रडली असती तर दोन मिनिटांत सापडली असती. घरातसुद्धा ती नाहीये हे मला लवकर कळलं नाही, कारण ती असायची तेव्हाही आवाज नसायचा."

"मुलीचं नाव घालायचंय," मी म्हटलं. चौकट तशी होती.

"तुझं घाल," काकू म्हणाल्या आणि गॅस बारीक करायला वळल्या.

मी माझं नाव टाइप केलं. मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. पोतं नाही, वाणी नाही. मला फक्त एवढं सुचलं की काकू मोजायला कधीपासून लागल्या ते आता विचारायची गरज नाही.

"काकू, हे लिहिलं तर ते देणार नाहीत," मी म्हणाले. "आणि ते मिळालं नाही तर मार्चमध्ये हे बंद होईल. आणि हे मलाही माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नाही."

"तुझ्या आईला माहीत आहे. त्याच संध्याकाळी सांगितलं. अजून चपला काढायची होती ती." मग त्या म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला बेल वाजली. मी दार उघडलं तर तुला घेऊन उभी. माझा गौरव त्या दिवशी झालेला आहे. हा दुसरा मिळाला तर बघू."

त्या दिवशी जेवताना मी आईला विचारलं, दुसऱ्याच दिवशी मला परत तिकडे कसं ठेवलंस. आई बँकेतून निवृत्त झाली असली तरी प्रश्नाला ती अजून खिडकीपलीकडून उत्तर दिल्यासारखी उत्तर देते.

"मग काय करणार होते? बँकेत ऑडिट होतं."

"राग नाही आला?"

"आला ना. रात्रभर आला." तिने आमटी वाढली. "मग विचार केला. मुलं सगळीकडेच नजरेआड होत असतील. सांगितलं ते काकूंनी एकट्यांनी."

अर्ज 'हो'सकट गेला. महिनाभराने दोघं जण आले. साठीच्या जवळच्या एक बाई आणि टॅबलेट घेतलेला एक तरुण. वेळ त्यांनीच निवडली होती आणि ती चुकली होती, कारण जेवणं नुकतीच झाली होती आणि काकू चष्मा लावून पेपर उघडत होत्या. "बसा," त्या म्हणाल्या. "बोलणं नंतर." खुर्ची एकच होती आणि तीत काकू होत्या, म्हणून दोघं जमिनीवर बसले. काकूंनी डोकी मोजली. नऊ मुलं, ते दोघे आणि मी धरून बारा. मग कांदा, बटाटा, लसूण सुरू झालं. तरुण भराभर टिपणं घेत होता. कोथिंबिरीच्या आसपास त्याने मान वर करून पाहिलं, तर त्याच्या बाई भिंतीला टेकून झोपल्या होत्या. काकूंनी पेपर खाली ठेवला, कपाटातून एक जादा साडी काढली, बाईंच्या अंगावर घातली आणि पुढे पालक, शेपू वाचलं.

बाई वीस मिनिटांनी उठल्या आणि आपण कुठे आहोत हे आठवेपर्यंत साडी हातात धरून बसल्या. मग त्यांनी घसा साफ केला. "तुमच्या अर्जात एका ठिकाणी 'हो' आहे," त्या म्हणाल्या. "आलेल्या सगळ्या अर्जांत तो एकच आहे."

"मग बाकीच्यांना मोजता येत नसेल," काकू म्हणाल्या.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी काकूंकडे नीट पाहिलं आणि साडीची घडी करायला घेतली. घडी चांगली केली. तरुणाने जाताना जिन्यात मला हळूच सांगितलं की नियमच तसा आहे, 'हो' असलेला अर्ज पुढे जात नाही, त्यांना यायचंही नव्हतं, पण बाईंनी हट्ट धरला.

तसंच झालं. पत्र आलं, सौम्य होतं. सुरक्षेच्या निकषामुळे आपला विचार करता येत नाही. मी ते मराठीत वाचून दाखवलं. "बरोबर आहे त्यांचं," काकू म्हणाल्या. "बावीस मिनिटं म्हणजे थोडी नाहीत." आणि मोजायला उठल्या.

सभा रविवारी सकाळी पार्किंगमध्ये झाली. आईचे गुडघे दुखत होते, म्हणून तिच्या जागी मी गेले. मी तीन वाक्यं तयार केली होती, आधी इंग्रजीत, मग मराठीत, आणि ती पाठ केली होती. विषय चौथा होता. काकूंनी दिलेलं पत्र आणि सोबतचा अर्ज सेक्रेटरींनी वाचून दाखवला, तपशिलासकट, आणि सगळे काकूंकडे बघायला लागले. काकू प्लास्टिकच्या खुर्चीत सरळ बसल्या होत्या.

"अहो, असं लिहायचं कशाला?" सेक्रेटरी जवळजवळ कळवळून म्हणाले. "मी काहीतरी दाखवा म्हणालो होतो. हे नव्हे."

"जे होतं ते दाखवलं," काकू म्हणाल्या.

मग बोलणी झाली. कोणी म्हणालं मार्च, कोणी म्हणालं पालकांची गैरसोय होईल, कुलकर्ण्यांचे वडील पायऱ्यांबद्दल काहीतरी चांगलं बोलायला उभे राहिले आणि अडखळून बसले. माझी तीन वाक्यं घशात तयार होती आणि तिथेच राहिली. मला चारचौघांत बोलता येत नाही. शेवटी एक मधला मार्ग निघाला. नवीन मूल घ्यायचं नाही, आणि आत्ता असलेली मुलं शाळेत जाईपर्यंत पाळणाघर चालू द्यायचं. सेक्रेटरी ते वहीत लिहायला लागले. पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा होता आणि टाकीसाठी लोक अर्ध्या तासापासून बाह्या सावरून बसले होते.

तेव्हा मी हात वर केला. "शाळेत म्हणजे," मी विचारलं, "नर्सरी की पहिली?"

माझा आवाज ऐकून दोन-तीन माणसांनी मागे वळून पाहिलं. नर्सरी म्हटलं असतं, तर मुलं दोन-अडीच वर्षांत संपली असती. सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं, टाकीवाल्यांकडे पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं. "नर्सरीला काय शाळा म्हणायचं," ते पुटपुटले आणि लिहिलं, पहिली.

जिना चढताना काकू दुसऱ्या टप्प्यावर दम खायला थांबल्या. "बोलतेस की," त्या म्हणाल्या. मग मनाशी हिशेब करून म्हणाल्या, "राऊतबाई सात महिन्यांच्या आहेत. म्हणजे गुडघ्यांना अजून पाच वर्षं तरी काढावी लागणार."

राऊतबाई म्हणजे तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या जोडप्याची मुलगी. वडील चाकणला कारखान्यात, आई हिंजवडीला, मूळचे यवतमाळकडचे. पाळणाघरात नवीन कोणी येणार नसल्यामुळे ती तिथली सगळ्यात लहान आहे आणि शेवटपर्यंत तीच राहणार. जूनमध्ये दोघं पहिलीत गेले, त्यांचं 'अहो' गेलं, आणि आता काकू सातपर्यंत मोजतात. घर थोडं शांत झालंय. सेक्रेटरी एकदा जिन्यात म्हणाले, आजकाल वाट्यांचा आवाज कमी येतो, आणि हे ते आनंदाने म्हणाले असं मला वाटलं नाही.

दिवाळीच्या आधी, एका मंगळवारी, मी मीटिंग संपवून काकूंकडे चहा प्यायला गेले होते. राऊतबाई कपाटाला धरून उभ्या होत्या. त्यांनी कपाट सोडलं, इकडेतिकडे पाहिलं आणि चालत खुर्चीपर्यंत गेल्या. चार पावलं, मग बसल्या. मी कप खाली ठेवून टाळ्या वाजवणार होते. काकूंनी माझा हात धरला.

"तू काही पाहिलेलं नाहीस," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी तिची आई पायरीवर बसली होती. काकूंनी मुलगी तिच्या हातात दिली आणि अहवाल दिला. "जेवल्या. झोपल्या. बाकी काही नाही." आयुष्यात मी काकूंना खोटं बोलताना ऐकलं ते एवढंच. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्यावरून कळलं की त्यांना याची सवय आहे.

शनिवारी सकाळी मुलीला घेऊन तिची आई धावत खाली आली. "काकू, चालून राहिली ना ही! घरी, हॉलमध्ये! पाहा ना, व्हिडिओ काढला!" काकूंनी हात पुसले, चष्मा लावला आणि व्हिडिओ पाहिला. मग पुन्हा लावायला सांगितला. तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर म्हणाल्या, "अगं बाई, खरंच की." आणि तिच्या आईला जवळ घेतलं, जे त्या मोठ्या माणसांच्या बाबतीत करत नाहीत.

मी दारात उभी होते. माझी आई एक गोष्ट कोणीही पाहुणा आला की सांगते. रविवार होता, ती गहू निवडत होती, मी टीपॉय सोडून तिच्याकडे चालत आले आणि गव्हात बसले. पहिलंच पाऊल, आणि थेट माझ्याकडे, असं ती म्हणते, आणि दर वेळी तिथे तिचा बँकेतला आवाज जरा सुटतो.

काकूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी काही विचारलं नाही.